घरातील शोभेच्या झाडांची कलमे: आपल्या हवेत काड्या का कुजतात आणि रोपे कशी जगवावीत

मनी प्लांटची पहिली वेल आपल्या घरात सहसा विकत आणलेली नसते. कोणाच्या तरी ओसरीवरून तोडून आणलेली काडी असते. ती बाटलीतल्या पाण्यात जगते आणि मग सगळीच झाडे अशी जगतील असे वाटू लागते. पुढे मे महिन्यात जास्वंदीच्या दहा काड्या सांदवाडीतल्या काळ्या मातीत खोचल्या जातात. आठ दिवस त्या हिरव्या दिसतात, पंधराव्या दिवशी बुडाशी काळ्या पडून हातात येतात. मुकुटबन, झरी जामणी, वणी या पट्ट्यात बचत गटांच्या महिलांशी बोलताना इथे एक प्रश्न हमखास येतो: कोणती पावडर लावायची?

पावडरीचे पुढे पाहू. काडी कोणत्या महिन्यात तोडली, कशात लावली आणि कुठे ठेवली, या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. आपल्याकडे कलमे फसतात ती बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी. तोडलेल्या काडीला मूळ नसते, पण पाने असतात. पानांतून पाणी उडत राहते आणि खालून ते भरून येत नाही. दुसरीकडे बुडाशी साचलेल्या ओलीत हवा नसल्याने काडी कुजते. म्हणजे एकच काडी वरून वाळते आणि खालून सडते. मूळ फुटेपर्यंतचे दोन ते सहा आठवडे तिला या दोन्हींतून वाचवणे, एवढेच कलम करणाऱ्याचे काम आहे.

झाड कुठून फुटते ते आधी पाहावे

कास्तकाराला ही गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. उसाच्या टिपरीवर डोळा नसेल तर ती उगवत नाही. उमरखेड, महागावकडे हळद लावताना बेण्यावर चांगला डोळा आहे का ते पाहतात. केळीचा मुनवा कंदाच्या तुकड्यासह काढतात. घरातील झाडांनाही हाच नियम लागू आहे, फक्त डोळा कुठे लपला आहे ते ओळखता आले पाहिजे.

मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन या वेलींना पानाच्या देठाशी पेर असते आणि त्याच्याजवळ बहुधा तपकिरी, बोथट हवाई मूळ दिसते. पेराखाली एक-दीड सेंटीमीटर जागा ठेवून काप घ्यावा. वेलीवर बारा चांगली पेरे असतील तर तिचे बारा तुकडे होतात. लांबलचक वेल तशीच लावण्याची गरज नाही. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते कित्येक महिने हिरवे राहते, क्वचित मुळेही येतात, पण डोळा नसल्याने त्याची वेल कधीच होत नाही. वेलीची कलमे करायला बसलेल्या नवख्यांचा अर्धा उत्साह या एका चुकीत जातो.

जास्वंद, कोलियस, पानओवा, मोगरा, क्रोटन यांची फांदीची छाट कलमे होतात. कोवळे शेंडे आणि जून लाकूड या दोन्हींच्या मधली, पेन्सिलच्या जाडीची, वाकवली तर लवचीक पण मोडल्यावर कट्‌ आवाज येणारी फांदी जास्वंद-मोगऱ्यासाठी घ्यावी. लांबी १० ते १५ सेंटीमीटर, निदान तीन पेरे. खालचा काप पेराच्या लगेच खाली घ्यावा, कारण मुळे बहुधा तिथूनच निघतात. फुले आणि कळ्या काढून टाकाव्यात. वरची दोन-तीन पाने ठेवावीत आणि ती मोठी असतील तर कात्रीने अर्धी करावीत. सगळी पाने काढू नयेत; मूळ घडवायला लागणारे अन्न आणि संजीवक कोवळ्या काडीला पानांतून आणि डोळ्यांतूनच मिळते.

स्नेक प्लांटची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पानाचे ७-८ सेंटीमीटरचे तुकडे केले तरी प्रत्येकाला मुळे फुटतात आणि काही महिन्यांनी बाजूने पिल्लू येते. मात्र तुकड्याची खालची बाजू खालीच राहिली पाहिजे. उलटा लावलेला तुकडा फुटत नाही, म्हणून कापतानाच खालच्या टोकाला तिरपा काप देऊन खूण करावी. कापलेले तुकडे दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्यावेत आणि मगच लावावेत.

विक्रीचा विचार असणाऱ्यांनी इथे थांबून वाचावे. पिवळी किनार असलेल्या स्नेक प्लांटचे पान कापून लावले तर नवे पिल्लू साधे हिरवे निघते. ती किनार पानातल्या दोन वेगवेगळ्या पेशीथरांमुळे असते आणि पानाच्या तुकड्यातून नवा कोंब घडताना तो मेळ टिकत नाही. शंभर तुकडे लावून सहा महिने थांबायचे आणि शेवटी हिरवी रोपे हाती यायची, हा तोटा मोठा आहे. किनारीची जात ठेवायची असेल तर झाड कुंडीतून काढून गड्ड्याची विभागणी करणे हाच मार्ग.

विभागणीत मोडणारी इतर झाडे म्हणजे पीस लिली, ॲग्लोनेमा, फर्न, कोरफड, झेडझेड. मुळांचा गोळा पाण्यात बुडवून माती सैल करावी, नैसर्गिक फट दिसेल तिथून हाताने सोडवावे, अडले तरच चाकू वापरावा. प्रत्येक भागाला स्वतःची मुळे आणि निदान एक वाढता कोंब हवा. लोभाने फार लहान तुकडे करू नयेत. दोन-तीन कोंबांचा भाग लवकर सावरतो. कोरफडीची पिल्ले चार-पाच पानांची झाल्यावर वेगळी करून दोन-तीन दिवस सुकवून लावावीत. झेडझेडच्या एका पानापासूनही रोप होते, पण आधी मातीखाली छोटा कंद धरतो आणि वर कोंब दिसायला वर्षभरही लागू शकते. स्पायडर प्लांट आपली पिल्ले स्वतःच लांब दांडीवर लोंबवते. ती दुसऱ्या कुंडीतल्या मातीवर टेकवून ठेवली की झाले.

रबर प्लांट आणि उंच वाढलेले क्रोटन, ड्रॅसिना यांना गुटी कलम उत्तम. डाळिंबाची गुटी बांधलेल्याला वेगळे शिकवायला नको. रबर प्लांटचा चीक मात्र ओल्या फडक्याने पुसून मगच शेवाळ बांधावे.

महिना चुकला की सगळे चुकते

बहुतेक घरगुती झाडांच्या काड्यांना २२ ते ३० अंश तापमानात आणि दमट हवेत मुळे चांगली फुटतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारची हवा अगदी कोरडी असते. त्या हवेत पाने काही तासांत मान टाकतात. टिनाच्या छपराखाली तर विचारूच नये. डिसेंबर-जानेवारीत उलट होते: रात्री थंड असल्याने काडी मरत नाही पण मूळही धरत नाही, आणि नुसतीच ओलीत बसून राहिल्याने कुजते.

आपला खरा हंगाम म्हणजे पाऊस नीट लागल्यावर, जूनअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. हवेतली ओल फुकट मिळते. अडचण एवढीच की याच काळात पऱ्हाटीची खुरपणी, डवरणी चालू असते आणि घरात कोणाला उसंत नसते. म्हणून कुंड्या, पिशव्या, वाळू ही तयारी मे महिन्यातच करून ठेवावी. दुसरी छोटी संधी फेब्रुवारीचे तीन-चार आठवडे. विभागणी मात्र थोड्या काळजीने मार्चच्या मध्यापर्यंत चालते, कारण त्या रोपांना मुळे असतात.

पावसाळ्यात लावलेली कलमे ऑक्टोबरच्या उन्हात सापडतात, हेही लक्षात ठेवावे. सप्टेंबरनंतर लावलेल्या काडीला मुळे येईपर्यंत पाऊस परतलेला असतो.

काळी माती कलमाला नको

कापसाला जी माती सोन्यासारखी, तीच काडीला मारक. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी धरून फुगते, तिच्या पोकळ्या बंद होतात आणि काडीच्या जखमेपाशी हवा राहत नाही. हवा नसलेल्या ओलीत पिथियमसारख्या बुरशी आणि मऊ कुज करणारे जिवाणू लगेच शिरतात. शेणखत भरपूर घालूनही हे सुटत नाही, उलट अर्धवट कुजलेले खत कूज वाढवते.

दोन भाग धुतलेले कोकोपीट आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण बहुतेक काड्यांना चालते. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून भिजवून, पिळून दोन वेळा पाणी बदलावे. पाच किलोच्या विटेपासून साधारण ६०-७० लिटर कोकोपीट फुगते, तेव्हा दोन-तीन घरांनी मिळून एक वीट घेतली तरी हंगाम निघतो. कोकोपीट नसेल तर नुसत्या जाड, धुतलेल्या नदीच्या वाळूतही जास्वंद-मोगरा चांगला फुटतो. फक्त पाणी दिवसातून दोनदा शिंपडावे लागते. बारीक रेती घेऊ नये, ती सिमेंटसारखी बसते.

मे महिन्याचे ऊन इथे कामी येते. वाळू किंचित ओली करून फरशीवर १५-२० सेंटीमीटरचा थर पसरावा, वरून पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरून कडा मातीने दाबाव्यात आणि चार ते सहा आठवडे तसेच राहू द्यावे. आतले तापमान इतके चढते की बऱ्याचशा रोगकारक बुरशी आणि तणांचे बी मरते. बुरशीनाशकावर खर्च करण्याआधी हे करून पाहावे.

बोअरचे पाणी आणि पांढरा थर

मुकुटबनचा परिसर चुनखडकाचा आहे. सिमेंटचा कारखाना इथे आला तो याच दगडासाठी. अशा भागातल्या बऱ्याच बोअरचे पाणी जड असते. साबणाला फेस येत नाही, माठाच्या आणि कुंडीच्या बाहेर पांढरा थर चढतो. मोठ्या झाडाला हे पाणी काही काळ चालते. कलमांच्या छोट्या पिशवीत मात्र रोज शिंपडलेल्या पाण्यातला चुना साठत जातो, पानांवर पांढरे डाग पडतात आणि पुढे नवी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात. हे लक्षण लोहाच्या कमतरतेचे असते, आणि लोक त्यावर युरिया टाकतात. मूळ नसलेल्या किंवा नुकते फुटलेल्या काडीला युरिया, डीएपी काहीही देऊ नये. क्षाराने कोवळी मुळे जळतात. पहिले खत, तेही चिमूटभर गांडूळखत, नवी दोन पाने आल्यावर.

कलमांसाठी पावसाचे पाणी धरून ठेवणे सर्वांत सोपे. पहिल्या एक-दोन पावसांत छपरावरची धूळ वाहून जाऊ द्यावी आणि नंतरचे पाणी झाकणाच्या ड्रममध्ये घ्यावे. झाकण नसेल तर ड्रमच्या तोंडाला दाट कापड बांधावे.

हीच काळजी बाटलीतल्या काड्यांबाबतही घ्यावी लागते. मनी प्लांट, कोलियस पाण्यात दोन-तीन आठवड्यांत मुळे धरतात, म्हणून खिडकीत बाटल्यांची रांग लागते. डेंगी पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. दर तीन-चार दिवसांनी पाणी ओतून, बाटली आतून घासून नवे भरावे. काडीलाही त्याचा फायदा आहे, कारण ताज्या पाण्यात प्राणवायू जास्त असतो. गावात डेंगीचे रुग्ण असतील तर सरळ वाळू-कोकोपीट वापरावे, पाण्याचा नाद सोडावा.

पाण्यात वाढलेली मुळे ठिसूळ असतात. ती तीन-चार सेंटीमीटरची झाली की लगेच कुंडीत लावावे. बाटलीत हातभर मुळांचा गुंता होऊ दिला तर मातीत गेल्यावर ती बहुतेक मरतात आणि काडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

कुठे ठेवायचे

शेडनेट नसले तरी चालते. घराच्या उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची ओसरी, माठ ठेवण्याची घडवंची, न्हाणीच्या भिंतीची सावली या जागा थंड आणि दमट असतात. काड्या लावलेल्या कुंडीवर पारदर्शक पिशवी काठ्यांच्या आधाराने तंबूसारखी घालावी. पान पिशवीला टेकू देऊ नये. आत पाण्याचे थेंब धरले म्हणजे दमटपणा पुरेसा आहे, वरून पाणी घालू नये. रोज सकाळी पाच-दहा मिनिटे पिशवी उघडावी. पिशवीवर थेट ऊन पडले तर आत काड्या अक्षरशः शिजतात, आणि असे व्हायला एक दुपार पुरते.

काडी रोज उपटून पाहण्याचा मोह आवरावा. हलके ओढल्यावर अडकली तर मुळे धरली आहेत. नव्या पानावर मात्र विसंबू नये. जास्वंदीच्या काडीत साठलेल्या अन्नावर मूळ नसतानाही दोन पाने फुटतात आणि तीच काडी नंतर अचानक सुकते. मुळे आल्यावर पिशवी एकदम काढू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू जास्त वेळ उघडी ठेवत न्यावी.

आता पावडरीचे

मूळ फुटायला लावणारे संजीवक म्हणजे ऑक्झिन. झाड ते स्वतः कोवळ्या कोंबात तयार करते आणि ते खाली वाहत काडीच्या बुडाशी साठते. १९३० च्या दशकात शास्त्रज्ञांना हे कळले आणि तेव्हापासून आयबीए या नावाचे कृत्रिम ऑक्झिन कलमांसाठी वापरात आहे. मनी प्लांट, कोलियस, पानओवा, सिंगोनियम यांना त्याची काही गरज नाही. जास्वंद, मोगरा, क्रोटन यांत त्याने मुळे लवकर आणि जास्त येतात.

तयार पावडर घेत असाल तर बुड किंचित ओले करून पावडरीत टेकवावे, झटकावे आणि आधी काठीने पाडलेल्या छिद्रात काडी ठेवावी. नुसती खोचली तर पावडर वरच पुसली जाते. द्रावण करायचे असेल तर एक ग्रॅम आयबीए थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून पाणी घालून एक लिटर करावे. हे १००० पीपीएम झाले. कोवळ्या काड्यांना ५०० ते १०००, अर्धपक्व जास्वंद-मोगऱ्याला १००० ते ३००० पीपीएम पुरते. बुड ५ ते १० सेकंद बुडवून काढावे. उन्हाळाभर गरम कपाटात पडलेल्या जुन्या डबीचा भरवसा धरू नये. कोरफडीचा गर, मध, दालचिनी लावणारेही आहेत. त्याने नुकसान होत नाही, पण मुळे त्यामुळेच आली असे ठामपणे म्हणता येत नाही.

जास्त लावले तर जास्त मुळे, हे गणित इथे चालत नाही. तुम्ही २,४-डी तणनाशकाचा पऱ्हाटीवरचा परिणाम पाहिला असेल: पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात, शेंडा वाकडा होतो. ते तणनाशकही ऑक्झिनच्याच कुळातले आहे. थोडे असताना मूळ फोडणारी गोष्ट जास्त झाल्यावर मारते, आणि आयबीए जास्त झाले की काडीचे बूड काळे पडते. यातूनच दुसरी सूचना: तणनाशक फवारलेला पंप किंवा बादली कलमांच्या पाण्याला कधीही वापरू नये. नुसत्या पाण्याने विसळून २,४-डीचा अंश पूर्ण जात नाही. कलमांसाठी वेगळा, दहा-वीस रुपयांचा हातफवारा ठेवावा.

शेजाऱ्याच्या काडीबरोबर काय येते

फुकट मिळालेली काडी फुकटच असते असे नाही. कापसावरचा पिठ्या ढेकूण २००५ नंतरच्या काही वर्षांत देशातल्या कापूस पट्ट्यात मोठ्या प्रमाणात आला होता, आणि जास्वंद हे त्या किडीचे आवडते घर आहे. वावरात कापूस नसतानाच्या काळात ती अंगणातल्या जास्वंदीवर तगून राहते. पुढे एका परजीवी गांधीलमाशीने तिला बरेच आवरले, पण कीड गेलेली नाही. पेराच्या बेचक्यात पांढरा कापसासारखा पुंजका, पानावर चिकटपणा, खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती काडी घेऊ नये. घेतलेली काडीही साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन लावावी आणि दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावी. कापायची पाती प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी, कारण विषाणू रसातून पसरतात.

आणि कीड दिसली म्हणून कापसाच्या फवारणीचे उरलेले औषध घरातल्या कुंड्यांवर मारू नये. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले. ते तर उघड्या शिवारात होते. बंद खोलीत, जिथे मुले झोपतात तिथे ही औषधे उघडण्याचेही काम नाही. पिठ्या ढेकूण दहा-वीस कुंड्यांवर असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून काढता येतो.

काही झाडांचा रसही त्रासदायक आहे. मनी प्लांट, डिफेनबेकिया, ॲग्लोनेमा, पीस लिली यांच्या रसात सुईसारखे स्फटिक असतात. लहान मुलाने पान चावले तर तोंड आणि जीभ सुजते. कण्हेरीची कलमे करत असाल तर जास्त जपावे: तिचे सगळे भाग विषारी आहेत आणि काड्या ठेवलेले पाणीही. छाटलेले शेंडे बकऱ्यांपुढे टाकू नयेत, हे सांगण्याची वेळ दर पावसाळ्यात येते.

रोपे द्यायची किंवा विकायची असतील तर

गटाने एकत्र काम करायचे ठरवले तर पहिल्या वर्षी मनी प्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट, स्नेक प्लांट आणि जास्वंद एवढ्यावरच थांबावे. प्रत्येक झाडाची निदान दोन निरोगी मातृझाडे वेगळी ठेवावीत आणि एका वेळी त्यांची एक तृतीयांशापेक्षा जास्त छाटणी करू नये. पिशवीवर झाडाचे नाव आणि लावल्याची तारीख लिहावी. किती काड्या लावल्या आणि किती जगल्या हे वहीत टिपून ठेवले की पुढच्या वर्षी कोणते झाड वाढवायचे ते वहीच सांगते.

मुळे न धरलेली हिरवी काडी रोप म्हणून देऊ नये. पिशवीच्या तळाच्या छिद्रातून पांढरे मूळ डोकावले आणि उघड्या हवेत दोन आठवडे पान टवटवीत राहिले, मगच ती बाजारात न्यावी. लिंबू, आंबा, पेरू अशी फळझाडांची कलमे याच कोपऱ्यात करून विकण्याचा विचार असेल तर त्यासाठी रोपवाटिकेचा परवाना लागतो. तालुका कृषी कार्यालयात आधी चौकशी करावी. कुजलेल्या काड्यांचे कारण कळत नसेल तर दोन-तीन काड्या बुडासकट, ओल्या कागदात गुंडाळून यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवाव्यात. नेताना कोणत्या तारखेला लावल्या आणि कोणते पाणी दिले, ते सांगता आले पाहिजे.